खंड कोणता, प्रकरण कोणते?

येरमाळ्यात बसून आज आम्ही तळटीपांवर बोलणार, हे ऐकून काहींना हसू आलं असेल. विषय कोरडा आहे, मान्य. पण येरमाळ्याला पत्र पाठवताना आपण नुसतं ‘जिल्हा धाराशिव’ लिहून थांबतो का? गाव येरमाळा, तालुका कळंब, असं सगळं लिहितो. बहुखंडी ग्रंथातल्या प्रकरणाचा संदर्भ म्हणजे असाच पत्ता होय. आणि आमचा आक्षेप असा की मराठीतले पुष्कळ प्रबंध वाचकाला जिल्ह्याच्या वेशीवर सोडून देतात.

उदाहरण आपल्या सगळ्यांच्या जवळचं घेऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने खंडशः प्रसिद्ध केली. पहिला खंड १९७९ साली आला, संपादक वसंत मून. त्या एकाच खंडात १९१६ सालचा ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध आहे आणि १९३६ सालचं ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ही आहे. आता प्रबंधात काय दिसतं? दोन्हींसाठी ‘आंबेडकर १९७९’. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण १९५६ सालचं. म्हणजे तेवीस वर्षांनी त्यांनी हे लिहिलं, असं आपण कागदावर नोंदवतो, बरं का!

हा नुसता कारकुनी दोष असता तर आम्ही तुमचा वेळ घेतला नसता. दोष विचाराचा आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातला तरुण अभ्यासक जातीची यंत्रणा शोधतो आहे. जातीचं सार जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे, आणि ते बंधन अनुकरणाने पसरलं, असं तो मांडतो. मनूने एकट्याने जाती घडवल्या, हे तो मान्य करत नाही. वीस वर्षांनी, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या पण न झालेल्या भाषणात, तोच लेखक शास्त्रांच्या पावित्र्यावरच्या श्रद्धेवर घाव घालतो. मधे महाडचा सत्याग्रह झाला, पुणे करार झाला. दोन्ही लेखांवर १९७९ चा शिक्का मारला की ही वीस वर्षं पुसली जातात. मग कुणी म्हणतो, ‘लेखकाच्या मांडणीत विसंगती आहे.’ विसंगती लेखकाची नाही हो, तळटीपेची आहे.

दुसरा मुद्दा संपादकाचा. तिसऱ्या खंडात ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’ आणि ‘रिव्होल्यूशन अँड काउंटर-रिव्होल्यूशन’ आहे. हे लेखकाने हयातीत छापलेलं नाही. हस्तलिखितं आणि टंकलिखितं जुळवून संपादकांनी ते लावलं. तेव्हा तिथे ‘प्रकरण अमुक’ म्हणताना तो क्रम संपादकांनी लावलेला असतो. संपादकाचं नाव गाळणं म्हणजे हा फरक लपवणं.

तिसरा मुद्दा भागाचा. सतरावा आणि अठरावा खंड प्रत्येकी तीन भागांत आहे. ‘खंड १८, पृष्ठ अमुक’ म्हटलं तर वाचकाने तीन पुस्तकं उपसायची. पां. वा. काण्यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चंही तेच. १९३० ते १९६२ या काळात पाच खंड निघाले, त्यांतले काही पुन्हा भागांत विभागलेले. नुसतं ‘काणे, १९६२’ म्हटलं तर पाचव्या खंडाचा दुसरा भाग, हे वाचकाने ओळखायचं कसं?

मग काय लिहावं? क्रम कुठल्याही पद्धतीचा घ्या, शिकागो घ्या की एमएलए, पण इतकं यायलाच हवं: लेखक, प्रकरणाचं नाव, मूळ लेखनाचं साल, ग्रंथनाम, खंड, भाग असल्यास भाग, संपादक, प्रकाशक, आवृत्तीचं साल, पृष्ठं. एपीए पद्धतीत तर ‘१९३६/१९७९’ अशी दोन्ही सालं शेजारी देण्याची सोय आहे. ती मराठीने घ्यायला हरकत नाही. शिवाय मूळ ग्रंथात क्रमांकित विभाग असतील तर तेही द्यावेत. ज्ञानेश्वरीचा अध्याय आणि ओवी सांगण्याची सवय आपल्याला आहेच. पानं आवृत्तीगणिक बदलतात, ओवी सहसा आसपासच सापडते.

कुणी म्हणेल, मोठ्या शहरातल्या ग्रंथालयात शोधलं की सापडतं. असेल. पण तालुक्याच्या गावातल्या विद्यार्थ्याला सगळे खंड एका कपाटात मिळत नाहीत. तो एक खंड मागवतो, एसटीने जाऊन दोन पानांची झेरॉक्स आणतो. त्याचा पत्ता चुकला तर त्याची फेरी वाया जाते आणि तो तपासणंच सोडून देतो. मग मोठ्या नावावर विश्वास ठेवणं एवढंच त्याच्या हाती उरतं. शब्दप्रामाण्याविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या माणसाचा ग्रंथ आपण अशा रीतीने उद्धृत करावा, ही आमच्या मते आजच्या संशोधनातली खरी विटंबना आहे.

तत्त्वज्ञानात आम्ही विद्यार्थ्यांना प्रमाण विचारायला शिकवतो. ‘कशावरून?’ या प्रश्नाला तळटीप हे उत्तर असतं. ते उत्तर अर्धवट ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही, मार्गदर्शकालाही नाही.