लांडगा न पाहता रंगवलेला लांडगा

२८ मिलिमीटरच्या सैनिकाशेजारी उभा राहणारा लांडगा साधारण १:५६ प्रमाणातला असतो. खऱ्या लांडग्याचा राठ केस ०.१ मिलिमीटर जाड धरला, तर या प्रमाणात तो दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक व्हायला हवा. इतकी बारीक रेघ ना ब्रशने काढता येते, ना पुट्टीत सुईने. म्हणजे मिनिएचरवरची फर खोटीच असणार. प्रश्न एवढाच, की ते खोटं लांडग्याकडे बघून बोललंय का?

गेम्स वर्कशॉपचे थंडरवुल्फ कॅव्हलरीतले लांडगे घ्या. त्यांच्या फरचे झुबके चांगले जाड आहेत आणि ते योग्यच आहे. हातभर अंतरावरून आपल्याला सुटे केस दिसत नाहीत, झुबकेच दिसतात. शिवाय प्लास्टिकचा भाग पोलादी साच्यातून न अडकता सुटावा लागतो, म्हणून झुबक्यांच्या खाली पोकळी ठेवता येत नाही. शिल्पकाराने घेतलेली ही सूट मला मान्य आहे.

माझी तक्रार रंगवणाऱ्यांबद्दल आहे, आणि त्यात मीही आलो. आपली लाडकी पद्धत म्हणजे ड्रायब्रश. खाली गडद रंग द्यायचा, मग फिकट रंगातला ब्रश जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसून वरवर फिरवायचा. उंचवटे उजळतात, खाचा काळ्या राहतात. पाच मिनिटांत फर तयार! पण ब्रशला पाठ आणि पोट यांतला फरक कळत नाही. सगळीकडची टोकं सारखीच पांढरी होतात आणि लांडगा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो.

कळपभर लांडगे रंगवून झाल्यावर मी पहिल्यांदा खऱ्या लांडग्याचा फोटो झूम करून पाहिला. पाठीवरच्या राठ केसांची टोकं काळी होती! फिकट रंग त्यांच्या खाली होता. म्हणजे मी नेमकं उलटं रंगवत होतो. नाकाडावर आणि पायांवर केस आखूड, मानेभोवती लांब, हेही मी कधी लक्षात घेतलं नव्हतं.

ड्युररचा १५०२ सालचा ससा व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. जलरंगाच्या पातळ थरावर त्याने गडद आणि फिकट बारीक फटकारे मारलेत. केस मोजायला गेलात तर फारच कमी भरतील. पण कानावर, छातीवर, मांडीवर फटकाऱ्यांची दिशा बदलते, आणि त्या दिशेमुळे कातडीखालचं अंग जाणवतं. त्यानेही सूट घेतलीच आहे, फक्त आधी ससा नीट पाहून.

खेळासाठी उद्यापर्यंत वीस लांडगे हवे असतील तर खुशाल ड्रायब्रश करा, मीही करेन. फक्त त्याला ‘रिअलिस्टिक’ म्हणू नका. तो शब्द वापरायचा असेल, तर बाटली उघडण्याआधी दहा मिनिटं लांडग्याकडे बघा.