बीटी पिके : प्रश्न विषाचा की वंशाचा?

बीटी पिकांवरील वादात दोन्ही पक्ष एकाच प्रश्नाभोवती फिरतात : हे विष माणसाला बाधेल काय? मातीतील एका जिवाणूचे हे प्रथिन अळीच्या आतड्यातील विशिष्ट ग्राहकांना चिकटते. आपल्या आतड्यात ते ग्राहक नाहीत. पर्यावरणाचा धोका वेगळ्या जागी आहे, आणि वर्गात तोच शिकवायचा राहतो.

बीटी कापसाला २००२ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा कडेने साधा कापूस लावण्याची अट होती. त्यावर जगलेले पतंग बीटीला पुरून उरलेल्या मोजक्या पतंगांशी जुळावेत, म्हणजे त्यांची पिल्ले बीटीवर मरतील, हा हिशेब. कागदावर तो निर्दोष आहे. पण अळीने खावे म्हणून पीक कोणता लहान शेतकरी लावील? अट करणाऱ्यांनी अळीचा विचार केला, शेतकऱ्याचा नाही. शेंदरी बोंडअळी गुजरातेत बीटीला दाद देत नाही, हे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे दोन जनुकांचे वाणही हरले. २०१७ मध्ये विदर्भाने त्याची झळ सोसली. हिरवी बोंडअळी हरभऱ्यावर, तुरीवरही जगते. तिला आसरा आपोआप मिळतो. शेंदरी अळीचे बहुतेक सारे आयुष्य कापसावर, त्यात फरदडीने तिचा हंगाम लांबतो.

महाड-पोलादपुरात कापूस नाही, मग आपल्याला काय त्याचे? येथे भात आहे, आणि पिवळा खोडकिडाही जवळजवळ भातावरच जगतो. चीनने २००९ मध्ये दोन बीटी भातांना सुरक्षितता प्रमाणपत्रे दिली, पण लागवड केली नाही. भारतात तशी परवानगी नाही. उद्या मिळाली, तर डोंगरउतारावरील चार-पाच गुंठ्यांच्या खाचरात साध्या भाताच्या ओळी कोठे बसवणार? शिवाय रस शोषणाऱ्या तुडतुड्यांना हे प्रथिन लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट देवभाताची. कोकणच्या पाणथळ जागी वाढणारा हा रानभात लागवडीच्या भाताचा सगा. भात बव्हंशी स्वपरागित असला, तरी दोघांत अधूनमधून संकर होतो. अमेरिकेत रानसूर्यफुलात बीटी जनुक आणल्यावर काही ठिकाणी त्याला बी जास्त धरल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. देवभाताचे तसे होईल काय, हे आज खोडकिडा त्याला किती रोखतो यावर ठरेल. कापणीनंतर भाताची धसकटे उभी चिरून अळ्या मोजणे शाळेला सहज जमेल. जवळ देवभात असेल, तर बी गळून गेल्यावर त्याचीही तितकीच ताटे चिरावीत.