हिरड्यांचे विकार आणि रक्त व लाळेतील दाहदर्शक : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

हिरड्यांच्या विकाराचे, म्हणजेच बोलीभाषेतील पायोरियाचे, निदान आजही प्रामुख्याने खुणा असलेल्या बारीक सळईने केले जाते. दात व हिरडी यांमधील फटीची खोली आणि क्ष-किरण चित्रातील हाडाची झीज यांवरून पूर्वी झालेली हानी कळते. रोग आज सक्रिय आहे की शांत, हे त्यांवरून निश्चित सांगता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी रक्त व लाळेतील दाहदर्शक रेणूंकडे संशोधकांचे लक्ष वळले. या संशोधनातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

दोन द्रव, दोन प्रश्न

रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी) १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांमध्ये प्रथम आढळले. ते मुख्यतः यकृतात, इंटरल्यूकिन-६ या रेणूच्या प्रभावाने तयार होते. शरीरात कोठेतरी दाह आहे एवढेच ते सांगते; तो हिरडीत आहे, सांध्यात आहे की फुप्फुसात, हे सांगत नाही. लठ्ठपणा व धूम्रपान यांमुळेही त्याची पातळी वाढते.

लाळेतील मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-८ हे विकर मात्र मुख्यत्वे हिरडीत जमलेल्या पांढऱ्या पेशींतून येते आणि दाताला धरून ठेवणारे कोलॅजेन तोडते. म्हणून ते रोगस्थानाच्या अधिक जवळचे आहे. तथापि लाळ हे संपूर्ण मुखाचे मिश्रण असल्याने कोणत्या दाताशी हानी चालू आहे, हे तिच्यावरून कळत नाही. लाळेचे प्रमाण दिवसाच्या वेळेनुसार व आहारानुसार बदलते, हेही लक्षात घ्यावे लागते. या दोन द्रवांतील आकडे एकाच तक्त्यात मांडून त्यांना समान अर्थ देणे ही अनेक लघुअभ्यासांतील मूलभूत त्रुटी आहे.

सहसंबंध आणि कार्यकारणभाव

हॅराल्ड लोए व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये श्रीलंकेतील चहामळ्यांतील ४८० मजुरांचा दीर्घकालीन अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांना दंतोपचार अनुपलब्ध होते व दातांवर किटण भरपूर होते. तरीही सुमारे ८ टक्के मजुरांत रोग वेगाने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, तर ११ टक्क्यांत तो हिरडीच्या वरवरच्या दाहापुढे गेला नाही. किटण सारखे असूनही परिणाम भिन्न, याचा अर्थ व्यक्तीचा दाहप्रतिसाद निर्णायक ठरतो. मग तीव्र प्रतिसाद देणाऱ्या व्यक्तीत हिरडी व रक्तवाहिनी दोन्ही बिघडत असतील, तर हिरडीने रक्तवाहिनी बिघडविली असे म्हणता येईल काय? तंबाखू व मधुमेह हे दोन्हींचे समान घटक वगळल्याशिवाय तसे म्हणणे घाईचे ठरते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये हृदयविकाराशी असलेला सहसंबंध मान्य केला. कार्यकारणभाव मात्र पुराव्याने सिद्ध झाला नसल्याचे नमूद केले.

मोजमापाची वेळ

टोनेटी व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तीव्र विकाराच्या १२० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. सखोल उपचारानंतर २४ तासांनी सीआरपी व इंटरल्यूकिन-६ वाढलेले आढळले आणि रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता घटली. सहा महिन्यांनी मात्र ही क्षमता तुलनागटापेक्षा चांगली होती. केवळ दुसऱ्या दिवशीचे मोजमाप घेतले असते, तर उपचार अपायकारक ठरले असते. एकाच वेळी घेतलेल्या नमुन्यांवर आधारित संशोधनाची मर्यादा यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

हिरड्यांच्या विकारांचे नवे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील श्रेणी ठरविण्याच्या तक्त्यात लाळ व रक्त यांतील हानिदर्शकांसाठी रकाना ठेवला आहे. मात्र त्यात आकड्यांऐवजी प्रश्नचिन्हे छापली आहेत. हा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे. दाहदर्शकांचा अभ्यास निरर्थक नाही; परंतु त्यांना निदानाचे स्थान देण्याची घाई झाल्यास वाढलेल्या सीआरपीचा रुग्ण दात साफ करून निश्चिंत होईल आणि खरे कारण दुर्लक्षित राहील. नमुन्याची वेळ, तंबाखूसेवन व मधुमेह यांची काटेकोर नोंद आणि त्याच रुग्णांचा पुन:पुन्हा पाठपुरावा या किमान अटी पाळल्या गेल्या, तरच त्या रिकाम्या रकान्यात विश्वासार्ह आकडे लिहिता येतील.