गाण्यातला सय्यारा

गेल्या तीन-चार वर्षांत गाजलेली गाणी परवा एका बैठकीत पुन्हा ऐकली. चाल नि ठेका बाजूला राहिले, कान शब्दांवरच जाऊन बसले. पेशा उर्दू माध्यमाच्या मास्तराचा. खोड जाणार कशी?

२०२५ च्या जुलैत मोहित सुरी यांचा 'सैयारा' पडद्यावर आला. त्याचे शीर्षकगीत त्याआधीच रिक्षापासून लग्नमंडपापर्यंत पोहोचले होते. तनिष्क बागची यांच्या जोडीला फहीम अब्दुल्ला व अर्सलान निजामी हे दोन काश्मिरी तरुण संगीतकार, आवाज फहीमचा, शब्द इर्शाद कामिल यांचे. चाल गोड आहे आणि फहीमच्या गळ्यात फार घासूनपुसून न घेतलेला एक साधेपणा आहे, हे कबूल केलेच पाहिजे. माझी तक्रार शब्दाची आहे.

सय्यारा म्हणजे ग्रह. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात पृथ्वी हा सय्यारा आहे. जुन्या ज्योतिर्विदांनी आकाशातले एका जागी दिसणारे तारे, ते सवाबित, आणि फिरणारे ते सय्यारे, असा भेद केला होता. मूळ अरबीत चालणे, प्रवास करणे हा अर्थ आहे. म्हणूनच सूरह यूसुफमध्ये विहिरीपाशी येतो तो 'सय्यारा' म्हणजे काफिला. आणि आखातात वीस वर्षे ड्रायव्हरकी करून आलेले आमचे मामू हे गाणे ऐकून हसून लोटपोट झाले, कारण तिकडे सय्यारा म्हणजे मोटार!

चित्रपटात मात्र त्याचा अर्थ स्वतः जळून जगाला उजेड देणारा एकाकी तारा असा सांगितला आहे. ग्रहाला स्वतःचा उजेड नसतो, हे सातवीचा मुलगाही सांगेल. कवीला सूट असते, मान्य. पण सूट घेऊन कवीने काही मिळवून द्यावे लागते. येथे फिरण्याचा, भटकण्याचा सगळा अर्थ गळून पडला आणि उरला फक्त एक उसासा. २०१२ च्या 'एक था टायगर'मध्येही हाच शब्द असाच नटून आला होता. याच इर्शाद कामिल यांनी २०११ मध्ये 'रॉकस्टार'साठी 'कुन फाया कुन' लिहिले. तेथे निजामुद्दीनच्या दर्ग्यात बसलेल्या त्या पोराच्या तोंडी अरबी शब्द आले तरी ते उपरे वाटले नाहीत. शब्दाला तेथे जागा होती, माणूस होता.

उलट २०२४ चे संजू राठोड यांचे 'गुलाबी साडी' घ्या. काव्य म्हणून मी त्याला फार वर चढवणार नाही. पण त्यात साडी आहे, डोळ्यांना दिसणारी. आणि 'गुलाबी' हा फारसी शब्द मराठीच्या अंगावर इतका मुरला आहे की त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. शब्द जगतो तो असा.

वर्गात मी मुलांना 'सय्यारा' लिहायला सांगितले. गाणे सगळ्यांना तोंडपाठ. चौतीसपैकी नऊ जणांनी बरोबर लिहिले. कोणी सीनऐवजी स्वाद घातला, बहुतेकांनी शेवटच्या 'हे'च्या जागी अलिफ ओढला. चूक त्यांची कशी म्हणू? शब्द त्यांच्याकडे कानाने आला, आणि पडद्यावरचे नावही त्यांनी वाचले ते रोमन लिपीत.

आमच्या मोहल्ल्यातील एक गृहस्थ त्या पावसाळ्यात दाखला न्यायला आले. मुलाला इंग्रजी शाळेत घालायचे होते. उर्दूला पुढे काय आहे, असे म्हणाले. त्यांच्या दृष्टीने खोटे नव्हते, मी वाद घातला नाही. सही करत असताना त्यांचा मोबाईल वाजला. रिंगटोन तीच होती. मुलगा बापाच्या आधी गुणगुणू लागला, आणि मी रजिस्टरात त्याच्या नावापुढे शेरा लिहिला.