नदीकाठी कोणीच नव्हतं का? ‘अगिरे, द रॉथ ऑफ गॉड’ पुन्हा पाहताना



निसर्गातल्या अचाट गोष्टी आणि इतिहासातली जहाल माणसं, या दोन्हींचं आपल्याला लहानपणापासून आकर्षण असतं. सर्वांत खोल दरी, सर्वांत मोठी नदी, सर्वांत क्रूर सेनापती. रविवारच्या पुरवणीतल्या चौकटी आपण अशाच वाचत आलो. ‘अबब!’ म्हणायचं आणि पान उलटायचं. आज ज्या चित्रपटाविषयी बोलायचं आहे त्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. नदी आहे ॲमेझॉन आणि माणूस आहे लोपे दे अगिरे. चित्रपट १९७२ चा, दिग्दर्शक वेर्नर हेर्झोग, आणि नाव ‘अगिरे, द रॉथ ऑफ गॉड’, म्हणजे अगिरे, देवाचा कोप.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. हा चित्रपट थोर आहे आणि आम्ही तो पुन्हा पुन्हा पाहतो. पण त्यात एक मोठी गफलत आहे. ती तारखांची किंवा पोशाखांची नाही. अशा अचाट-जहाल गोष्टी आपण ज्या पद्धतीने सांगतो, त्या पद्धतीतलीच ती गफलत आहे. म्हणून तिच्याविषयी नीट बोलायला हवं.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. साल १५६०. इंका साम्राज्य लुटून झालंय आणि स्पॅनिश लोकांना आता एल दोरादो, म्हणजे सोन्याचं राज्य हवंय. पिसारोच्या हाताखालची एक मोठी मोहीम अँडीज पर्वत उतरून जंगलात शिरते आणि चिखलात अडकते. तेव्हा पिसारो एक तुकडी तराफ्यांवरून पुढे पाठवतो. तुकडीचा प्रमुख उर्सुआ आणि दुय्यम अगिरे. अगिरे बंड करतो, गुस्मान नावाच्या एका खादाड सरदाराला चक्क सम्राट करून टाकतो आणि स्पेनच्या राजाशी नातं तोडतो. पुढे तराफा वाहत राहतो. भूक, ताप, झाडीतून येणारे बाण. शेवटी तराफ्यावर एकटा अगिरे उरतो, आजूबाजूला प्रेतं, आणि डझनावारी छोटी माकडं. त्यातलं एक हातात धरून तो साम्राज्याच्या गोष्टी करतोय. क्लाउस किन्स्कीचा तो चेहरा एकदा पाहिला की विसरता येत नाही.

आता या चित्रपटाचं मोठेपण कशात आहे? बहुतेक जण किन्स्कीचं नाव घेतात. आम्ही नदीच्या उताराचं नाव घेऊ.

म्हणजे बघा, पहिलं दृश्य जवळजवळ उभं आहे. धुक्यातल्या एका कड्यावरून माणसांची रांग मुंग्यांसारखी खाली उतरतेय. तोफ आहे, पालखी आहे, साखळदंडातले मूळनिवासी हमाल आहेत. त्यामागे ‘पोपोल वू’ या गटाचं ते विलक्षण संगीत. मग येते डोंगरातली नदी, खळाळती, अंगावर येणारी. एक तराफा भोवऱ्यात सापडतो आणि बाहेरच पडत नाही. दुसऱ्या दिवशी पाहतात तर त्यावरचे सगळे मेलेले. मग एका रात्रीत पाणी चढतं आणि उरलेले तराफे वाहून जातात. आणि त्यानंतर? त्यानंतर काहीच नाही. सपाट, रुंद, संथ पाणी. कॅमेरासुद्धा संथ होतो. शेवटी तर तो तराफ्याभोवती गोल गोल फिरत राहतो.

ही खऱ्या ॲमेझॉनची रचना आहे. पेरूमधलं इकितोस शहर समुद्रसपाटीपासून साधारण १०० मीटर उंचीवर आहे आणि तिथून समुद्र नदीच्या वाटेने सुमारे ३,६०० किलोमीटर दूर. हिशेब केलात तर किलोमीटरला जेमतेम ३ सेंटिमीटर उतार. आपल्या घरातल्या न्हाणीघराचा उतारसुद्धा याहून जास्त असतो! आणि अशा सपाटीवरून ही नदी सेकंदाला सरासरी २ लाख घनमीटरच्या आसपास पाणी समुद्रात नेते. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं गोडं पाणी ओततात, त्याचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या हिचा. मधल्या टप्प्यात पावसाळा आणि कोरडा हंगाम यांच्यातला पाणीपातळीचा फरक १० मीटरच्या घरात जातो. काठचं जंगल महिनोन् महिने पाण्यात उभं असतं.

हेर्झोगला हे कळलं होतं. अगिरेसारख्या माणसाला अडथळा लागतो. कोणीतरी समोर उभं राहावं आणि आपण त्याला चिरडावं, यावर त्याचा सगळा आवेश चालतो. डोंगरात त्याला असे अडथळे मिळतात. सपाटीवर आल्यावर नदी त्याला विरोधच करत नाही, ती फक्त वाहते. मग त्याच्या क्रौर्याला धरायला जागाच उरत नाही. एका दृश्यात जंगल अचानक शांत होतं आणि सैनिक भीतीपोटी बंदुका झाडू लागतात. कशावर? शांततेवर. भूगोल आणि स्वभाव यांची अशी सांगड आम्ही फार कमी चित्रपटांत पाहिली आहे.

बरं, आता इतिहासाकडे येऊ. खरा अगिरे तराफ्यावर मेला नाही. उर्सुआची मोहीम सप्टेंबर १५६० मध्ये निघाली, ओमाग्वा लोकांचा प्रदेश आणि एल दोरादो शोधायला. १ जानेवारी १५६१ ला बंडखोरांनी उर्सुआचा खून केला. गुस्मानला खरोखरच ‘राजपुत्र’ घोषित केलं आणि काही महिन्यांनी त्यालाही मारलं. पेरूहून सोबत आणलेल्या मूळनिवासी नोकरांना वाटेत नदीकाठी सोडून देऊन अगिरे पुढे गेला. तो अटलांटिकला पोहोचला, मार्गारिता बेट ताब्यात घेतलं, तिथल्या गव्हर्नरला ठार केलं, मग आजच्या व्हेनेझुएलात उतरला. तिथून त्याने राजा दुसऱ्या फिलिपला ते प्रसिद्ध पत्र लिहिलं, कृतघ्नपणाचा आरोप करणारं. ऑक्टोबर १५६१ मध्ये बार्किसिमेतोला वेढला गेल्यावर त्याने आधी स्वतःच्या मुलीला भोसकून मारलं आणि मग त्याच्याच माणसांनी त्याला गोळ्या घातल्या.

हेर्झोगने यातलं बरंच बदललं आहे. ज्या गोन्सालो पिसारोला तो १५६० मध्ये मोहिमेवर दाखवतो, त्याचा शिरच्छेद १५४८ मध्येच झाला होता. पण त्याबद्दल आमची तक्रार नाही. कलावंताने इतकी मोकळीक घ्यावी. चित्रपट म्हणजे काही बखर नव्हे. आणि बखरी तरी कुठे सगळ्या खऱ्या असतात!

तक्रार आहे ती दुसऱ्या एका माणसाबद्दल. चित्रपटात एक पाद्री आहे, गास्पार दे कार्वाखाल. सुरुवातीलाच पाटी येते की या हरवलेल्या मोहिमेचा एकमेव पुरावा म्हणजे याची रोजनिशी. पूर्ण चित्रपट त्याच्याच आवाजात पुढे सरकतो. हा कार्वाखाल खरा आहे. पण तो अगिरेबरोबर नव्हताच. तो होता फ्रान्सिस्को दे ओरेयानाबरोबर, जवळजवळ २० वर्षं आधी, १५४१-४२ मध्ये. ॲमेझॉन समुद्रापर्यंत उतरून गेलेली ती पहिली युरोपीय मोहीम. कार्वाखालने तिचा वृत्तांत लिहून ठेवला. बाणाने त्याचा एक डोळाही त्याच प्रवासात गेला.

त्या वृत्तांतात काय आहे? माणसं आहेत. काठाकाठाने गावं. माचिपारो नावाच्या एका नायकाच्या मुलखातून ते कित्येक दिवस जात होते. एक वस्ती तर पाच लीग, म्हणजे पंचवीसहून जास्त किलोमीटर, घराला घर लागून पसरलेली असल्याचं तो सांगतो. रस्ते आतल्या बाजूला जाताना दिसतात. कासवं पाळलेली आहेत, मका आहे, आणि रंगीत भांडी अशी की स्पेनमधल्या मालागाच्या भांड्यांपेक्षा सरस. पुढे शेकडो वर्षं लोकांनी त्याला थापाड्या ठरवलं. ज्याने बायकांच्या लढाऊ टोळीची गोष्ट सांगितली, त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? शिवाय नंतर जाणाऱ्यांना ती गावं दिसेनात. देवी, गोवर यांसारख्या युरोपातून आलेल्या साथींनी आणि गुलामांच्या शिकारीने ती रिकामी केली होती.

आज चित्र पालटलंय. नदीकाठी जागोजागी ‘तेर्रा प्रेता’ म्हणजे काळी माती सापडते. कोळसा, हाडं, खापरं आणि खरकटं मिसळून माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तयार केलेली सुपीक माती. मुख्य नदीपासून दूर, बोलिव्हियातल्या मोहोसच्या मैदानात आणि इक्वाडोरच्या उपानो खोऱ्यात, लेझर किरणांनी केलेल्या पाहणीत बांधीव वस्त्या, रस्ते आणि कालवे उघड झाले. ते निष्कर्ष २०२२ आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपीय येण्यापूर्वी ॲमेझॉनच्या खोऱ्यात ८० लाख ते १ कोटी माणसं असावीत, असा अंदाज अनेक संशोधक मांडतात.

आता हेर्झोगने काय केलं ते बघा. त्याने साक्षीदार घेतला आणि त्याची साक्ष टाकून दिली. कार्वाखालचं नाव घेतलं, झगा घेतला, आवाज घेतला, आणि त्याने जे पाहिलं होतं तेवढंच वगळलं. चित्रपटातला काठ म्हणजे हिरवी भिंत. तिच्यातून बाण येतात, पण बाण मारणाऱ्याला घर नाही, शेत नाही, चूल नाही.

यावर एक उत्तर दिलं जातं, आणि ते दमदार आहे. ही रिकामी नदी हेर्झोगची नाहीच, ती अगिरेची आहे; विजेत्याला माणसं दिसत नाहीत, हेच तर दाखवायचंय. या बाजूने पुरावेही आहेत. साखळदंडातला एक इंका राजपुत्र आपलं खरं नाव आणि आपण काय होतो ते सांगतो, तो प्रसंग हलवून टाकणारा आहे. होडीतून आलेल्या एका माणसाच्या हातात बायबल देतात. तो ते कानाला लावतो, म्हणतो हे बोलत नाही, आणि तेवढ्यावरून त्याचा जीव घेतात. १५३२ मध्ये काहामार्का इथे इंका सम्राट अताहुआल्पाच्या बाबतीत जे घडलं, त्याचीच ही आठवण. म्हणजे दिग्दर्शक आंधळा नाही, हे आम्हाला मान्य आहे.

तरीही आमचं समाधान होत नाही. कारण विजेत्याचं आंधळेपण दाखवायचं तर प्रेक्षकाला त्याच्यापेक्षा थोडं जास्त दिसायला हवं. इथे आपल्यालाही तेवढंच दिसतं. चित्रपट संपतो तेव्हा आपण दोन गोष्टी घेऊन उठतो: एक वेडा माणूस आणि एक निर्दय जंगल. दोघंही अफाट, दोघंही थक्क करणारे. आणि मधली माणसं? ती त्या ‘अबब’मध्ये बुडून जातात.

हा केवळ रसिकतेचा प्रश्न असता तर आम्ही इतकं ताणलं नसतं. पण १९७२ साल आठवा. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७० मध्ये, शेजारच्या ब्राझीलमध्ये लष्करी सरकारने ट्रान्स-ॲमेझॉन महामार्गाची घोषणा केली होती. माणसं नसलेली जमीन, जमीन नसलेल्या माणसांना द्यायची, असा राष्ट्राध्यक्ष मेदिसींचा प्रचार होता. माणसं नसलेली! त्या काळात काढलेल्या रस्त्यांपैकी एक पानारा लोकांच्या भूमीतून गेला. १९७३ मध्ये त्यांचा बाहेरच्यांशी संपर्क झाला, रोग पसरले, आणि १९७५ मध्ये उरलेल्यांना शिंगूच्या राखीव क्षेत्रात हलवलं तेव्हा ती माणसं फक्त ७९ होती. चित्रपटामुळे हे झालं असं कोणी म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. पण रिकाम्या जंगलाची जी कल्पना चित्रपटाला सुंदर वाटते, तीच कल्पना सरकारच्या नकाशावर होती. सुंदर असल्यामुळे ती निरुपद्रवी ठरत नाही.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. सात वर्षांनी हेर्झोग ‘फिट्झकराल्दो’ करायला पुन्हा पेरूत गेला. या वेळी काठावर आवाहून लोक होते. त्यांची संघटना होती, त्यांचा चित्रीकरणाला विरोध होता. डिसेंबर १९७९ मध्ये चित्रपटाची छावणी जाळली गेली आणि हेर्झोगला जागा बदलावी लागली. पहिल्या चित्रपटात जो काठ गप्प होता, तो इथे बोलला.

मग आता ‘अगिरे’ पाहायचा की नाही? जरूर पाहा, मोठ्या पडद्यावर मिळाला तर सोडू नका. फक्त शेवटच्या दृश्यात कॅमेरा तराफ्याभोवती फिरू लागेल तेव्हा किन्स्कीवरची नजर थोडी काढा आणि मागच्या झाडीकडे पाहा. कार्वाखालने तिथे घरं मोजली होती.

आता तुमचे प्रश्न घेऊ.