दरबार एक, संहिता दोन : तंजावर परिसरातील स्त्रीलेखनाचा पुनर्विचार

कावेरीच्या खोऱ्यात, तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, पापनाशम हे तालुक्याचे गाव आहे. संगीताच्या अभ्यासकांना हे नाव पापनाशम शिवन (१८९०–१९७३) या वाग्गेयकारामुळे परिचित असते. मराठीच्या अभ्यासकाला हा परिसर जवळचा वाटतो तो वेगळ्या कारणाने. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत येथे भोसले घराण्याची सत्ता होती आणि तिच्या आश्रयाने संस्कृत, तेलुगू, तमिळ व मराठी या चारही भाषांत लेखन झाले. शहाजीराजांची नाटके आणि दुसऱ्या सरफोजींनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय यांचा गौरव आपण सातत्याने करीत आलो आहोत. परंतु या बहुभाषिक दरबारात स्त्रीला काय बोलण्याची मुभा होती आणि तिचे बोलणे टिकवण्याचा वा पुसण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न मराठी वाङ्मयेतिहासाने क्वचितच विचारला आहे. अठराव्या शतकात याच दरबाराच्या वर्तुळात सिद्ध झालेल्या दोन संहिता शेजारी ठेवून हा प्रश्न तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पहिली संहिता त्र्यंबकयज्वन या पंडिताची ‘स्त्रीधर्मपद्धती’. संस्कृतातील हा ग्रंथ विवाहित स्त्रीची दिनचर्या, पती जागा होण्यापूर्वीच्या पहाटेपासून रात्रीच्या शयनापर्यंत, क्रमवार विहित करतो. रजस्वलेचे नियम, सहगमन, विधवेचे आचरण हे सारे त्यात येते. आणि पतीची सेवा हाच स्त्रीचा मुख्य धर्म, त्यापुढे तिने स्वतःच्या जिवाचीही पर्वा करू नये, असा निष्कर्ष निघतो. ज्युलिया लेस्ली यांच्या ‘द परफेक्ट वाइफ’ (१९८९) या अभ्यासामुळे या ग्रंथाकडे आधुनिक संशोधकांचे लक्ष वेधले गेले. ग्रंथात स्त्रीविषयी पुष्कळ आहे, मात्र बोलणारी स्त्री कोठेही नाही. तिच्या प्रत्येक हालचालीसाठी वचन शोधावे लागावे, यातच या व्यवस्थेची अस्वस्थताही व्यक्त होते. जे निमूटपणे घडत असते त्यासाठी एवढे नियम रचावे लागत नाहीत.

दुसरी संहिता मुद्दुपळनी हिचे ‘राधिकासांत्वनमु’. ही प्रतापसिंह राजांच्या (१७३९–१७६३) दरबारातील गणिका, विदुषी आणि कवयित्री. तमिळ कवयित्री आंडाळच्या ‘तिरुप्पावै’चे तिने तेलुगूत रूपांतर केले. भाषेची सीमा ओलांडून एका स्त्रीने दुसरीशी जोडलेले हे नाते तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. ‘राधिकासांत्वनमु’ हे शृंगारकाव्य. राधेने स्वतः वाढवलेल्या इळेचा कृष्णाशी विवाह होतो. राधाच तिला प्रणयाचे शिक्षण देऊन पाठवते आणि मग मत्सराने व्याकूळ होते. शेवटी कृष्णाला तिची समजूत घालावी लागते. राधाकृष्णाच्या काव्यपरंपरेत रुसवा आणि अनुनय नवे नाहीत. नवे आहे ते इच्छेचे कर्तृत्व राधेकडे असणे. प्रौढ स्त्रीची कामना, तिचा राग आणि तिचे दुःख येथे नायकाच्या तृप्तीचे साधन म्हणून येत नाहीत; काव्याची गती त्यांच्यावरच अवलंबून आहे.

काव्यारंभी मुद्दुपळनी आपली परंपरा आजी तंजनायकीपर्यंत स्त्रियांच्या नावांनी सांगते आणि विद्वानांना आपण दिलेल्या मानधनाचा, आपल्याला अर्पण झालेल्या ग्रंथांचा अभिमानाने उल्लेख करते. तिचे हे आत्मभान ध्यानात घेतले, तर ‘स्त्रीधर्मपद्धती’शी असलेला विरोध केवळ आशयाचा राहत नाही. एका संहितेत स्त्री नियमाचा विषय आहे, दुसरीत ती ग्रंथकर्ती आहे. हे स्वातंत्र्य कुलस्त्रीला उपलब्ध नव्हते. गणिकेला ते मिळाले ते विवाहसंस्थेबाहेरच्या आणि राजाश्रयावर विसंबलेल्या स्थानामुळे. म्हणून या काव्याला मुक्तीची घोषणा ठरवणे घाईचे होईल.

काव्याचे पुढचे आयुष्य अधिक बोलके आहे. १८८७ मध्ये ते छापले गेले, पण कवयित्रीचा स्वपरिचय वगळून. पुढे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या कंदुकूरी वीरेशलिंगम यांनीच आपल्या कविचरित्रात तिची निंदा केली. या काव्यातील काही भाग स्त्रीने ऐकण्याच्याही योग्यतेचा नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. विधवेला न्याय देऊ पाहणारी सुधारणा इच्छा बोलून दाखवणाऱ्या स्त्रीपाशी येऊन थांबली. बंगळूर नागरत्नम्मा (१८७८–१९५२) या गायिकेने हस्तलिखित मिळवून १९१० मध्ये वगळलेल्या भागांसह आवृत्ती सिद्ध केली आणि पुरुष कवींना लागू न होणारी लज्जेची कसोटी स्त्रीलाच का, असा प्रश्न प्रस्तावनेत केला. १९११ मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून शासनाने कारवाई केली. बंदी उठली ती १९४७ मध्ये. या प्रस्तावनेकडे संपादकीय औपचारिकता म्हणून न पाहता भारतीय स्त्रीवादी समीक्षेचा एक आरंभबिंदू म्हणून पाहिले पाहिजे.

येथे ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) या ग्रंथाचे स्मरण अपरिहार्य आहे. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने लिहिलेला हा निबंध आणि राजाश्रयातील शृंगारकाव्य यांत प्रकृतीचे साम्य नाही. ताराबाईंचे शस्त्र उपरोध आहे, मुद्दुपळनीचे माधुर्य. तरीही दोघींचा प्रश्न एकच : दोष आणि पाप यांचे माप स्त्रीपुरुषांसाठी वेगळे का? दोन्ही ग्रंथांचे प्राक्तनही समांतर आहे. ‘तुलना’ची बाजू जोतीराव फुले यांनी घेतली, परंतु पुढे ती विस्मृतीत गेली आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ती पुन्हा प्रकाशित केली. सुझी थारू व के. ललिता यांच्या ‘विमेन रायटिंग इन इंडिया’ (१९९१) या संकलनात या दोघी एकत्र आल्या. मराठी दरबारातील कवयित्री आणि मराठी निबंधकर्ती यांची भेट इंग्रजी ग्रंथात व्हावी, हे आपल्या वाङ्मयेतिहासांच्या एकभाषिक चौकटीवरचे भाष्यच होय.

पापनाशमपासून फार दूर नसलेल्या तिरुवैयारू येथे नागरत्नम्मांनी १९२६ मध्ये त्यागराजांच्या समाधीस्थानी मंदिर उभे केले. तेथील आराधनेत स्त्रियांना गाण्यास मज्जाव होता, म्हणून १९२७ पासून त्यांनी स्त्रियांची स्वतंत्र आराधना सुरू केली. त्याच काळात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी विधिपरिषदेत देवदासी प्रथेच्या उच्चाटनासाठी झटत होत्या. देवदासी समाजातूनच आलेल्या मूवलूर रामामिर्तम यांनी १९३६ च्या आपल्या कादंबरीत या प्रथेची चिकित्सा केली. नागरत्नम्मा मात्र कायद्याच्या विरोधकांत होत्या : शोषण थांबवताना या स्त्रियांची कला, मालमत्ता आणि प्रतिष्ठाही नष्ट होईल, ही त्या पक्षाची भीती. १९४७ मध्ये मद्रास प्रांतात देवदासी समर्पणास प्रतिबंध करणारा कायदा झाला. काव्य मोकळे झाले ते याच वर्षी, आणि ज्या समाजाने ते निर्माण केले त्याचा पारंपरिक आधारही याच वर्षी संपला. यातील एका बाजूला खरी स्त्रीवादी ठरवून दुसरीला प्रतिगामी म्हणणे सोपे आहे. पण मुलींना समर्पणातून सोडवण्याचा हक्क आणि आपल्या पूर्वजांच्या कलेवरचा हक्क, हे दोन्ही खरे होते.

स्त्रियांच्या कर्तृत्वाचा गौरव करताना आपण बहुधा यादी करतो : पहिली कवयित्री, पहिली गायिका, पहिली आमदार. तंजावरचा हा वृत्तान्त सांगतो की कर्तृत्व आणि हक्क ही दोन स्वतंत्र प्रकरणे नाहीत. मुद्दुपळनीने काव्य रचले, पण ते तिच्या नावासह वाचले जावे यासाठी सुमारे दीडशे वर्षांनी दुसऱ्या एका स्त्रीला शासनाशी आणि सुधारकांशीही झगडावे लागले. म्हणून तौलनिक साहित्याभ्यासात निर्मितीइतकेच पुनर्मुद्रणालाही वाङ्मयीन घटनेचे स्थान दिले पाहिजे. आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारानेही, भाषा तेलुगू आहे म्हणून, आपल्याच राजवटीत लिहिणाऱ्या या कवयित्रीला परके मानू नये. ‘स्त्रीधर्मपद्धती’ आणि ‘राधिकासांत्वनमु’ या दोहोंचे उत्तरदायित्व त्या दरबाराच्या वारसांकडे येते; त्यांतील एकाचाच अभिमान बाळगून दुसऱ्याविषयी मौन पाळता येणार नाही.