महानायक आणि तंबाखूची पुडी

नवे औषध रुग्णांना देण्यापूर्वी त्याच्याविषयी दोन प्रश्न विचारले जातात. ते उपयोगी पडते का, आणि त्यामुळे काही अपाय होतो का? मुलांना केल्या जाणाऱ्या उपदेशाला मात्र हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हेतू चांगला असला की परिणामही चांगलाच होणार, असे आपण गृहीत धरतो. कार्टून मालिकांतून अमली पदार्थांविरुद्ध दिला जाणारा संदेश हे याचे एक चांगले उदाहरण आहे. अमेरिकेतील दोन मालिकांचा एकेक भाग घेऊन आम्ही येथे या संदेशाची तपासणी करणार आहोत.

पहिली मालिका 'कॅप्टन प्लॅनेट'. ती १९९० मध्ये सुरू झाली. निरनिराळ्या खंडांतील पाच मुले आपल्या अंगठ्यांची शक्ती एकत्र आणतात आणि त्यातून प्रदूषणाशी लढणारा महानायक प्रकट होतो, अशी तिची कल्पना. तिच्या १९९१ मधील 'माइंड पोल्यूशन', म्हणजे मनाचे प्रदूषण, या भागात स्कम नावाचा उंदरासारखा खलनायक 'ब्लिस' नावाचा मादक पदार्थ पसरवितो. पाच मुलांपैकी लिंका हिचा नात्यातला भाऊ बोरिस त्याच्या आहारी जातो. लिंकालाही तो पदार्थ नकळत दिला जातो आणि तीही व्यसनात ओढली जाते. शेवटी बोरिसचा मृत्यू होतो.

मुलांच्या मालिकेत मृत्यू दाखविण्याचे धाडस क्वचितच केले जाते. खुद्द नायकांपैकी एकीला व्यसन लागते, हेही धाडसच. लेखकांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हाला शंका नाही. परंतु विज्ञानाच्या दृष्टीने पाहता या कथेत तीन दोष दिसतात.

पहिला दोष पदार्थाचा. 'ब्लिस' घेतला की माणूस पाहता पाहता बदलतो, त्याला काही सुचेनासे होते. खऱ्या व्यसनाची वाट इतकी सरळ नसते. निकोटिनसारखा पदार्थ मेंदूतील डोपामिनचे प्रमाण वाढवितो. मेंदू हळूहळू त्या वाढीला सरावतो. मग तेवढ्याच मात्रेने पूर्वीसारखे वाटत नाही आणि पदार्थ मिळाला नाही तर चिडचिड होते. या सगळ्याला वेळ लागतो, आणि प्रत्येकाच्या बाबतीत तसे होतेच असेही नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीनुसार, तंबाखू कधी तरी वापरून पाहिलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के लोक पुढे व्यसनाधीन झाले होते. हेरॉइनच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे २३, दारूच्या बाबतीत १५ आणि गांजाच्या बाबतीत ९ टक्के होते.

या आकड्यांचा अर्थ 'एकदा घेतले तर बिघडत नाही' असा मुळीच नाही. शंभरांतील बत्तीस ही फार मोठी संख्या आहे, आणि ते बत्तीस कोण हे आधी कोणालाही सांगता येत नाही. पण उरलेले अडुसष्ट मुलांच्या डोळ्यांसमोर असतात. तंबाखू खाणारा मोठा भाऊ कबड्डी उत्तम खेळताना दिसतो. कार्टूनमध्ये पाहिले ते येथे घडत नाही, तेव्हा मूल एक निष्कर्ष काढते: मोठी माणसे उगाच भीती घालतात. मग आपण सांगितलेल्या खऱ्या धोक्यावरही त्याचा विश्वास बसत नाही.

दुसरा दोष खलनायकाचा. प्रदूषणाच्या गोष्टीत कारखान्याची नळी दाखविता येते आणि ती बंद करणारा वीरही दाखविता येतो. मालिकेने तोच साचा व्यसनाला लावला आहे. पण मुलाला पहिली पुडी देणारा बहुधा उंदराच्या तोंडाचा नसतो; तो मित्र असतो, शेजारी असतो, कधी घरातलाच असतो. ज्याला ओळखण्याची तयारी मुलाने करायची, त्याचे चित्रच या कथेत नाही.

तिसरा दोष आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. या भागात व्यसनी माणसे अंगावर चालून येणारी झुंड म्हणून दिसतात. आपल्या वर्गात ज्याचे वडील दारू पितात असे एखादे मूल बसलेले असते. त्याने हे चित्र पाहिले तर तो घरची गोष्ट शिक्षकांना सांगेल, की अधिकच लपवील?

याउलट 'बॅटमॅन' मालिकेतील १९९२ चा 'इट्स नेव्हर टू लेट' हा भाग पाहावा. आर्नल्ड स्ट्रॉमवेल हा गुंडांचा म्होरक्या आपल्या बेपत्ता मुलाच्या शोधात असतो. प्रतिस्पर्ध्याने त्याला पळविले, असा त्याचा समज असतो. बॅटमॅन त्याला व्यसनमुक्तीच्या रुग्णालयात नेऊन मुलगा दाखवितो. बापाने जो माल विकला त्यानेच मुलाला अंथरुणावर आणलेले असते. मारामारी आणि पाठलाग याही भागात आहेत, परंतु मूळ प्रश्न ठोशाने सुटत नाही. येथे विकणाऱ्यालाही घर आहे, आणि व्यसनी मुलगा राक्षस नसून रुग्ण आहे. मुलांशी बोलण्यासाठी हा भाग कितीतरी अधिक उपयोगी आहे.

यावर कोणी म्हणेल, भीतीने का होईना, चार मुले दूर राहिली तरी पुरे. ही अपेक्षा अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर तपासली गेली आहे. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात पोलीस अधिकारी शाळेत येऊन धडे देत. त्यावरील अनेक अभ्यासांचे १९९४ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले. मुलांची माहिती वाढली, पण पदार्थांच्या वापरावरचा परिणाम अत्यल्प आढळला. पुढे १९९८ ते २००४ या काळात जवळजवळ शंभर कोटी डॉलर खर्चून जाहिरातींची मोहीम राबविली गेली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या मूल्यमापनात गांजाचा वापर कमी झाल्याचे दिसले नाही. उलट जाहिराती अधिक पाहिलेल्या मुलांचा कल गांजाकडे किंचित वाढल्याच्या काही खुणा दिसल्या. सतत इशारे ऐकून 'म्हणजे बहुतेक सगळेच हे करीत असणार' असा मुलांचा समज झाला असावा, असे एक स्पष्टीकरण अभ्यासकांनी दिले. हे निष्कर्ष एखाद्या कार्टूनविषयीचे नाहीत. परंतु चांगला हेतू म्हणजे चांगला परिणाम नव्हे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

मग शिक्षकांनी काय करावे? कार्टूनवर बंदी घालून काही साधणार नाही. त्याऐवजी अशा एखाद्या भागाची गोष्ट वर्गात सांगून प्रश्न विचारावेत. हा पदार्थ खरा आहे का? खऱ्या आयुष्यात तो कोण देऊ करील? नाही म्हटले तर मैत्रीचे काय होईल? लागलेली सवय सोडवायला मदत कोणाची घ्यावी?

आणखी एक सोपा प्रयोग सुचवितो. तुमच्या वयाच्या शंभर मुलांपैकी किती जण तंबाखू वापरीत असतील, याचा अंदाज प्रत्येकाला नाव न घालता चिठ्ठीवर लिहू द्यावा. चिठ्ठ्यांची सरासरी फळ्यावर मांडावी. मग २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीतील आकडा सांगावा. १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांमध्ये तंबाखू वापरणारे ८.५ टक्के होते. म्हणजे दर बारांपैकी सुमारे अकरा मुले तंबाखूला शिवतही नव्हती. 'नाही' म्हणणारा मुलगा एकटा पडत नाही, हे त्याला महानायकापेक्षा हा आकडा अधिक चांगले सांगेल. आणि बारावा मुलगा आपल्याच वर्गात असला, तर त्याला झुंडीत न ढकलता जवळ घेणे हे शिक्षकाचे काम आहे.